वाटीभर खळ

त्या प्लायवूडच्या कारखान्यात मालकाला कुणी भीत नव्हतं, पण मास्तरांच्या नाकाला सगळे भीत होते.

मास्तर म्हणजे ग्लू मास्तर. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवले की प्लायची फळी होते, आणि ते ज्यानं चिकटतात तो रेझिन कालवायचं काम गेली एकतीस वर्षं त्यांच्याकडे होतं. कामगार पाठीमागे त्यांना 'वज्रलेप' म्हणायचे, कारण एकदा कुणाच्या मागे लागले की सुटायचं नाव नाही. रेझिनचा एकेक घाणा तयार झाला की हे महाराज यायचे, पिंपात अंगठा बुडवायचे आणि तो पांढरा चिकट रस अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून हळूच ओढायचे. तार यायला हवी. मग ते बोट नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे, आणि सगळी शेड गप्प. "नवसागर कमी पडलाय," असं तरी म्हणायचे, नाही तर "चालू द्या." त्यांनी 'चालू द्या' म्हटल्याशिवाय पापुद्रे एकत्र दाबणाऱ्या प्रेसचं बटण दाबायची कुणाची टाप नव्हती.

आता खरं सांगायचं तर त्या नाकात आठ वर्षांपासून काही म्हणजे काही शिरत नव्हतं. रेझिनचा डोळ्यांत सुया टोचणारा वास नाही, फुलाचा नाही, गटाराचाही नाही. रेझिनमधून जो वायू सुटतो त्यानं ते नाक आतून पार मारून टाकलं होतं. मास्तरांना जे कळायचं ते अंगठ्याला कळायचं. नाक नुसतं शोभेचं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची! आणि असा हा वास न येणारा माणूस दिवसभर नाकानं कांदे सोलत हिंडायचा, ह्याला काय म्हणावं?

सगळ्यांचा तिरस्कार करायचा हा त्यांचा जोडधंदाच होता म्हणा ना. मालकांना पापुद्र्याची सुलटी बाजू कुठली आणि उलटी कुठली हे कळत नाही, म्हणून मालक बिनडोक. प्रेसवाला नुसती बटणं दाबतो, म्हणून तो माकड. नवा कामगार शेडमध्ये आला आणि डोळे चोळायला लागला की मास्तर म्हणायचे, "काय, आईची आठवण आली का?" स्वतःचे डोळे दिवसभर गळायचे ते मात्र हिशेबात नाही. आणि ह्या सगळ्या बिनडोकांच्या, माकडांच्या वरती, अगदी मानाच्या जागी, त्यांची स्वतःची सून होती.

सून रसायनशास्त्र शिकलेली. लग्न होऊन आली, त्याला महिनासुद्धा झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. मास्तर स्वयंपाकघरात शेगडीशेजारी पेपर वाचत बसले होते. शेगडीवर दूध. दूध उतू गेलं, आटलं, करपलं, पातेलं काळंठिक्कर पडलं, आणि मास्तर पेपरचं पान उलटत होते. सून वास येऊन जिन्यातून धावत वर आली. तिनं शेगडी बंद केली आणि एकदा पातेल्याकडे, एकदा सासऱ्यांकडे बघितलं.

"दूध ठेवून गावभर हिंडायचं, हे माहेरी शिकवलं वाटतं?" मास्तर म्हणाले. चोर तो चोर, वर शिरजोर.

ती पातेलं घासत बसली. दोन महिन्यांनी तिनं मास्तरांच्याच कारखान्यात, कोपऱ्यातल्या एवढ्याशा लॅबमध्ये नोकरी धरली, आणि तिथे सोयाबीनच्या पेंडीपासून लाकूड चिकटवायचा डिंक करायला घेतला.

पेंड! तेल काढून उरलेला चोथा! मास्तरांना तर आयतंच कोलीत मिळालं. "ढोरांच्या तोंडचा घास काढून लाकडाला लावतेय," ते शेडभर सांगत सुटले. "अरे, ही खळ आहे खळ. वहीला कव्हर घालायला बरी." घरी जेवतानाही तेच. "काय सूनबाई, आज किती पीठ कालवलंत?" मुलगा मान खाली घालून जेवायचा. मास्तरांची बायको, जिला सगळे मास्तरीणबाई म्हणत, ती तेवढी फणकारायची, "तुम्ही एकतीस वर्षं काय केलंत? कालवलंतच ना?" सून मात्र शांतपणे म्हणायची, "बाबा, जमेल." दोन वर्षं हेच. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि मग बाकवाल्या बाई आल्या.

ह्या बाई शाळांसाठी बाकं आणि लहान मुलांसाठी पलंग करायच्या. एका शाळेत त्यांची चाळीस बाकं गेली आणि आठवड्यात परत आली, कारण वर्गाची खिडकी बंद केली की मुलांचे डोळे चुरचुरायचे. बाई फणफणत मालकांकडे आल्या. म्हणाल्या, "मला वायू न सुटणारी फळी हवी. तुमच्याकडे कुणी मुलगी काहीतरी करतेय म्हणे. एक घाणा बघेन, एकच. जमला तर फळी तुमच्याकडून, नाही तर राम राम." मालकांनी सुनेला बोलावून आणखी स्वच्छ सांगितलं, "जमलं तर लॅब तुझी. नाही जमलं तर लॅबला कुलूप, मला गोदामाला जागा हवीच आहे."

म्हणजे दोन वर्षांची मेहनत एका पिंपात. मास्तरांना ते कळलं तेव्हा ते हसले. पण रात्री जेवताना त्यांचा घास जरा घुटमळला, कारण एक गोष्ट आता लक्षात आली. ही हरली की शेड कुणाला हसणार? 'वज्रलेपची सून, आणि तिची फळी सुटली!' तिचं काय व्हायचं ते होवो, नाक आपलं कापलं जाणार. असा उदात्त विचार करून मास्तर झोपले.

घाण्याच्या दिवशी सून सकाळी सातलाच आली. पेंडीचं पीठ तराजूवर, पाणी मापानं, त्यात तिनं घडवलेला तो पिवळसर घट्ट करणारा पदार्थ थेंब थेंब. हातात घड्याळ, पिंपात थर्मामीटर. मास्तर कमरेवर हात ठेवून बघत होते. "आजारी आहे का पिंप? ताप मोजतेयस?" प्रेसवाला हसला. तो हसला म्हणून मास्तरांना त्याचाही राग आला.

पेंडीचा घाणा जड. मोटरचं पातं मधूनमधून अडकायचं, लाकडी वल्ह्यानं ढोसावं लागायचं. आणि नेमका तेव्हाच निरोप आला: बाकवाल्या बाई फाटकात आल्यात, मालक ऑफिसात बोलावतायत. सुनेनं इकडेतिकडे बघितलं. ह्या पिंपाची खोड माहीत असलेला माणूस शेडमध्ये एकच होता.

तिनं आधी एक स्टीलची वाटी पिंपात बुडवून भरून घेतली. प्रत्येक घाण्यातलं थोडं बाजूला ठेवून वेगळं तपासायची तिची सवय होती. मग वल्हं सासऱ्यांच्या हातात दिलं. "बाबा, दहा मिनिटं फक्त ढोसत राहा. घालू मात्र काही नका. काहीही."

"तू मला शिकव," मास्तर म्हणाले.

ती गेली. मास्तरांनी दोन मिनिटं ढोसलं. तिसऱ्या मिनिटाला अंगठा आपोआप पिंपात गेला. दाबला, ओढला. तार नाही. पुन्हा बुडवला. तार नाही! नुसता लगदा, ओढला की तुटतोय.  एकतीस वर्षांत तार न येणारा डिंक त्यांनी कधी प्रेसला जाऊ दिला नव्हता. आता पेंडीचा डिंक रेझिनसारखी तार देतच नाही, त्याचं चिकटणंच निराळं, हे सुनेनं घरी जेवताना निदान चारदा सांगितलं होतं. पण ऐकायला कान रिकामे हवेत ना! ह्यांच्या कानात स्वतःचाच आवाज भरलेला.

'हिच्याच्यानं होणार नाही,' ते मनात म्हणाले. 'मला ठाऊकच होतं.' शेजारच्या पिंपात जुना रेझिन तयार होता. मास्तरांनी प्लास्टिकचा मग उचलला आणि दोन मग भरून पेंडीत ओतले. अंगठा घातला. थोडी तार. आणखी दोन मग. वर रेझिन घट्ट बसावा म्हणून चिमूटभर नवसागर. आता कशी सुरेख, लांब तार आली! घाण्यात वासाचा भपका उठला असणार, पण शेडभर तोच वास, त्यात ह्या चार मगांचा कुणाला कळतो? आणि मास्तरांचं नाक तर शोभेचं. त्यांच्या लेखी त्यांनी एका पोरीची अब्रू वाचवली होती, तीही न बोलता. सून परत आली तेव्हा ते निरागसपणे ढोसत होते.

"चालू द्या," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फळीचे तुकडे सगळ्यांसमोर उकळत्या पाण्यात टाकले. मालक, बाकवाल्या बाई, प्रेसवाला, सगळे गोल करून. आठ तास उकळून तुकडे बाहेर काढले आणि प्रेसवाल्यानं पटाशी लावून ठोकली. लाकूड फाटलं, पण सांधा सुटला नाही. दुसरा तुकडा. तोही नाही. मालकांनी तर टाळ्याच वाजवल्या. सुनेचे डोळे भरून आले, आणि मास्तर मागे उभे राहून ह्या सगळ्या मूर्खांकडे बघत होते. 'नाचा,' ते मनात म्हणत होते. 'मास्तरांच्या चार मगांवर नाचा.' इतका गोड तिरस्कार त्यांना आयुष्यात कधी लाभला नव्हता.

पण घोडं पेंड खात होतं ते पुढेच. फळी चिकटते की नाही ही अर्धीच परीक्षा. बाईंना हवी होती ती दुसरी अर्धी. काचेच्या बंद बरणीत फळीचे तुकडे, तळाशी बशीभर पाणी, एक दिवस तसंच ठेवायचं. मग त्या पाण्यात औषध घालायचं. वायू सुटला असेल तर पाणी पिवळं पडतं.

पाणी पिवळं पडलं. नुसतं पिवळं नाही, पिवळंधमक.

मालकांनी बरणी उचलून उजेडात धरली. ह्या माणसाला पापुद्र्याची बाजू कळत नसली, तरी पिवळा रंग कळत होता. "हा जुना रेझिन आहे," ते म्हणाले. "तू जुनाच रेझिन घालून आम्हाला पेंड म्हणून दाखवलीस? म्हणून फळी सुटली नाही होय! उद्या बाई येतायत. त्यांच्यासमोर लिहून द्यायचं की मी फसवलं, आणि घरी जायचं."

"मी घातला नाही," सून म्हणाली.

"मग काय बरणीनं घातला?"

मास्तर दारात उभे होते. बोलायला ही चांगली वेळ होती. ते घसा खाकरून तंबाखू शोधायला निघून गेले.

संध्याकाळी घरी सुनेनं त्यांना एकदाच विचारलं, सरळ, सगळ्यांसमोर. "बाबा, मी ऑफिसात गेले होते तेव्हा घाण्यात काही घातलंत?"

"मी?" मास्तरांचा आवाज असा चढला की मास्तरीणबाईंनी ताट खाली ठेवलं. "मी कशाला घालू तुझ्या त्या खळीत? नाचता येईना, अंगण वाकडं! एकतीस वर्षांत माझ्याकडे बोट दाखवायची कुणाची हिंमत झाली नाही!"

सून 'बरं' म्हणाली. मुलगा काही बोलणार होता, तिनं त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

सकाळी मास्तर पेपर उघडायला गेले तर पेपरवर लाकडाचा एक तुकडा ठेवलेला. तीन पापुद्रे, काडेपेटीएवढा, उकळून उकळून काळसर पडलेला. त्यांनी सवयीनं नख घातलं. नख आत जाईना. स्वयंपाकघरातली सुरी आणून टोचून बघितली. सुरी वाकली, सांधा जागच्या जागी. तुकडा उलटा केला. मागे सुनेच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'वाटीतला. सकाळी १०.४०. बाबांच्या हाती देण्याआधी. दोन दिवस उकळला. बरणीतलं पाणी स्वच्छ.'

मास्तर तो तुकडा धरून बसून राहिले. वाटीभर खळ. त्यांचा एकही मग नसलेली, त्यांच्या अंगठ्यानं नापास केलेली. आणि ही त्यांच्या फळीपेक्षा जास्त उकळूनही सुटली नव्हती. चिकटतच होती की! पहिल्यापासून चिकटत होती. त्यांनी मदत केली नव्हती, त्यांनी चांगल्या घाण्याची माती केली होती, आणि वर तिलाच खोटं पाडलं होतं. एकतीस वर्षं दुसऱ्यांसाठी जपून ठेवलेला तिरस्कार पहिल्यांदाच घरी परत आला, आणि थेट त्यांच्याच डोक्यावर बसला.

त्यांना वाटलं, ही आता तो तुकडा मालकांसमोर ठेवणार. ठेवणारच, कुणीही ठेवेल. पण ऑफिसात सून मालकांच्या टेबलासमोर रिकाम्या हातानं उभी राहिली. तुकडा मास्तरांच्या खिशात होता, तिनं तो मागितलासुद्धा नव्हता. सासऱ्याचं नाव सांगून सुटायचं तिच्या मनात नव्हतं. 'मूर्ख आहे,' मास्तरांच्या मनात नेहमीसारखं आलं. पण ह्या वेळी तो शब्द तिला लागू पडेना.

मालकांनी कागद पुढे सरकवला. "लिही."

"लिहू नकोस," मास्तर म्हणाले. "रेझिन मी घातला. चार मग. वर नवसागर."

बाकवाल्या बाईंनी मान वळवली. मालक हसले. "मास्तर, सुनेची बाजू घ्यावी माणसानं, पण इतकी? अहो, तुमचं नाक! चमचाभर रेझिन कमीजास्त झाला तर तुम्हाला शेडच्या दारातून कळतं. चार मग घातल्यावर त्या पेंडीला केवढा वास मारला असेल. तुम्ही 'चालू द्या' म्हणाला असतात?"

प्रेसवाल्यानंही मान डोलावली. "मास्तरांचं नाक म्हणजे नाक."

आता घ्या! इतकी वर्षं खोटं बोलले तेव्हा सगळ्यांनी डोक्यावर घेतलं, आणि एकदा खरं बोलले तर कुणी विश्वास ठेवायला तयार नाही. मास्तरांनी खिशातला तुकडा टेबलावर ठेवला. मालकांनी मागची ओळ वाचली, पण 'हे तर तिनंच लिहिलंय' म्हणून तो बाजूला सारला.

मग मास्तर लॅबमध्ये गेले. मांडणीवरून तपकिरी काचेची बाटली काढली. रेझिनमधून सुटणारा तोच वायू पाण्यात मुरवलेलं, तुलनेला वापरायचं फॉर्मॅलिन, अगदी कडक. ऑफिसात आले, टेबलाशी उभे राहिले आणि बूच काढलं.

मालक खुर्चीसकट मागे सरकले. प्रेसवाला खोकत दाराबाहेर पळाला. बाईंनी पदर नाकाला लावून खिडकी उघडली. मास्तरांनी बाटली नाकपुडीखाली धरली आणि खोल, सावकाश श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, कारण डोळे अजून बिचारे शाबूत होते.

"काही नाही," ते म्हणाले. "ह्यात पाणी भरून दिलंत तरी मला हेच. आठ वर्षं झाली. गाढव आहात तुम्ही सगळे, एका मेलेल्या नाकाला विचारून कारखाना चालवलात. आणि मी सगळ्यात मोठा. हिची खळ चांगली होती. मला तार आली नाही म्हणून मी ती नासवली."

"बाबा, बाटली," सून म्हणाली आणि पुढे होऊन तिनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली. बूच लावलं. 

 खिडकी उघडी राहिली. बाईंनी टेबलावरचा तो छोटा तुकडा उचलला, मागची ओळ वाचली, नख घालून बघितलं. मग बाहेर शेडकडे बघितलं, जिथे पाच-सहा जण पिंपांवर वाकून, बाहीनं डोळे पुसत काम करत होते. "हे सगळे असेच होणार?" त्यांनी विचारलं. मालक छताकडे बघत होते.

"आणखी एक घाणा घ्या," बाई म्हणाल्या. "पण ह्यांना त्याच्या जवळ फिरकू देऊ नका." मग सुनेकडे वळून त्यांनी जरा नरम आवाजात विचारलं, "तू ह्या पेंडीच्या नादी कशी लागलीस गं? कॉलेजात शिकवलं होतं का?"

"नाही," सून म्हणाली. "आमच्या घरी एकदा दूध करपलं होतं. तेव्हापासून."

बाईंना काही उमगलं नाही. मालकांना तर कधीच काही उमगत नसे. मास्तर मात्र मटकन खुर्चीत बसले. ते काळं पातेलं. जिन्यातून धावत आलेली ती पोर, एकदा पातेल्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघणारी. हे नाक मेलंय आणि ते ह्या वायूनंच मेलंय, हे तिला तेव्हाच कळलं होतं. दोन वर्षं तिला कळलेलं होतं, आणि तिनं एका शब्दानं कुणाला सांगितलं नव्हतं. गुपचूप पेंड दळत बसली होती. आणि ते ताटावर बसून रोज विचारत होते, आज किती पीठ कालवलंत?

त्यांनी बाहीनं तोंड पुसलं.  मग म्हणाले, "पुढच्या घाण्याला मी रजा घेतो. घरीच थांबतो."

"अजिबात नाही," सून म्हणाली. "पातं अडकलं तर ढोसणार कोण? यायचं. वल्हं दोन्ही हातांनी धरायचं, आणि अंगठा पिंपाबाहेर."

"बरं," मास्तर म्हणाले. एकतीस वर्षांत त्या कारखान्यात हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.